बाटली नसलेले तेवीस फोटो

स्क्रू आवळायची ॲलन की हातातून निसटली, बाटल्या वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या लोखंडी चौकटीवर टणकन आपटली आणि घरंगळत कुठेतरी गेली. कारखान्यात कॅमेऱ्याची मशीन बसवायला आलेली फोटोवाली त्या पट्ट्याखाली अर्धी आडवी झाली होती. तिथूनच तिने हात बाहेर काढला आणि जमीन चाचपायला लागली. हाताला ॲलन की लागली नाही, बूट लागला.

"हा माझा आहे," वरून आवाज आला. "तुमची वस्तू बहुतेक ही असावी."

ती सरपटत बाहेर आली. केसांत धूळ, गालावर ग्रीसचा फराटा, आणि समोर निळ्या शर्टातला एक माणूस, दोन बोटांत ती इवलीशी किल्ली धरून तिच्याकडे बघत उभा... अगदी निवांत. घाई त्याच्या गावीही नव्हती. शर्टाची सगळी बटणं निळी होती, फक्त उजव्या मनगटावरचं पांढरं, आणि तेही लाल दोऱ्याने शिवलेलं. स्वतःच शिवलं असणार. एवढं सगळं तिने एका नजरेत टिपलं, कारण तिचा धंदाच तो. पण त्या बटणावरून नजर लवकर हलेना, हे मात्र धंद्यात बसत नव्हतं.

तो त्या लाइनचा फिटर होता. बाटली फुटो, पट्टा तुटो, मोटर जळो, तो आधी "जरा सबूर" म्हणायचा आणि मगच पाना उचलायचा. म्हणून कारखान्यात सगळे त्याला सबूरच म्हणत. दहा मिनिटांत लाइन सुरू करायची आहे, एवढं सांगायला तो आला होता. पण सांगून झाल्यावरही गेला नाही. पट्ट्याच्या कडेला तिने नुकत्याच बसवलेल्या छोट्याशा सेन्सरकडे वाकून बघत त्याने विचारलं, "हा डोळा काय करतो?"

हा प्रश्न तिला सहसा कोणी विचारत नसे. लोक विचारत, कधी संपणार. ती खुलली.

"बाटली याच्यासमोर आली की हा कॅमेऱ्याला इशारा देतो. कॅमेरा दहा सेंटिमीटर पुढे आहे. म्हणून इशारा आला तरी तो लगेच फोटो काढत नाही. थांबतो. झाकण बरोबर समोर येईपर्यंत."

"किती थांबतो?"

"दोनशे मिलिसेकंद. सेकंदाचा पाचवा हिस्सा."

"आणि कमी थांबला तर?"

"अर्ध्या झाकणाचा फोटो."

"जास्त थांबला तर?"

"बाटली निघून गेलेली असते," ती म्हणाली. "मग बसा रिकाम्या पट्ट्याचा फोटो बघत."

त्याने यावर इतका गंभीर विचार केला की तिला हसू आलं. तेवढ्यात भोंगा झाला. तो निघाला आणि निघता निघता, हातात आलेलं हत्यार खिशात टाकायची फिटर लोकांची सवय असते तशी, किल्ली त्याच्या खिशात गेली. त्याच्याही ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही. तिला फक्त पुसटसं वाटलं, की आपलं काहीतरी करायचं राहिलंय. पण लाइन सुरू होत होती, आणि खरं सांगायचं तर ती त्याच्या पाठीकडे बघत होती.

"त्या डोळ्यावर धूळ बसू देऊ नका हं," ती मागून म्हणाली. "धूळ म्हणजे त्याचा वैरी."

तो वळला. "नाही बसू देणार," तो म्हणाला. शपथ घेतल्यासारखा.

कारखाना खोकल्याच्या औषधाचा. सगळ्या हॉलमध्ये त्या औषधाचा गोडसर वास, आणि काचेच्या बाटल्यांची अखंड किणकिण. सेकंदाला तीन बाटल्या पट्ट्यावरून जात. प्रत्येकीवर लाल उजेड चमके, कॅमेरा झाकणाचा फोटो काढी, आणि झाकण वाकडं दिसलं की पुढे हवेचा एक झोत त्या बाटलीला बाजूच्या खोक्यात ढकले. ऐकायला सोपं. पण उजेड, कॅमेरा आणि बाटली, तिघांनी एकाच क्षणी एकाच जागी असावं लागतं. तो क्षण म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. फोटोवालीचं सगळं कसब त्या एवढ्याशा फटीत राहत होतं.

आणि या वेळी तिचं बरंच काही त्या फटीत अडकलं होतं. आजवर ती वरिष्ठांच्या मागे पेटी उचलून गेलेली. ही तिची पहिली एकटीची मशीन, आपल्या कंपनीच्या साहेबांशी भांडून मिळवलेली. शुक्रवारी दोन तासांची चाचणी होती. जमली तर पुढच्या मशीनसुद्धा तिच्या. नाही जमली तर कॅमेरा परत खोक्यात आणि ती परत ऑफिसच्या टेस्टिंग टेबलावर, किमान वर्षभर. तिला जमणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. ती आल्या दिवशीच मॅनेजरना म्हणाली होती, "शुक्रवारी तुम्हाला चुका शोधाव्या लागतील." सोमवारी संध्याकाळपर्यंत एकही चांगली बाटली चुकून बाहेर गेली नाही, आणि ती शीळ घालत आपल्या खोलीवर गेली.

मंगळवारी सकाळी लाइन सुरू झाली आणि हवेचा झोत चांगल्या बाटल्या भराभर खोक्यात फेकायला लागला.

तिने स्क्रीन बघितली. प्रत्येक फोटोत झाकण एका बाजूला सरकलेलं, कड कापलेली. कॅमेऱ्याला वाटत होतं झाकणच धड नाही. तिने दोनशेचे दोनशे सहा मिलिसेकंद केले, झाकण मधोमध आलं, दिवस नीट गेला. बुधवारी सकाळी पुन्हा तेच. दोनशे बारा. आता तिचा चेहरा उतरला. तिने केबल बदलली, फ्लॅश बदलला, पट्ट्याचा वेग तीनदा मोजला. इशारा एकाच्या जागी दोनदा तर जात नाही ना, तेही तपासलं.

"दोनदा कसा जाईल?" सबूरने विचारलं. तो आता दिवसातून पाच वेळा त्या बाजूला येत होता. एकदा तेल द्यायला, एकदा तेल दिलं की नाही ते बघायला, आणि उरलेल्या तीन वेळा चहा घेऊन.

तिने सांगितलं, की दाराची कडी जोरात लावली की एकदा आदळून पुन्हा जरा खुळखुळते, तसा इशाराही कधी कधी थरथरतो. मग एका बाटलीचे दोन फोटो. म्हणून कॅमेऱ्याला शिकवायचं, पहिला ठोका खरा धर, लगेचची थरथर सोडून दे.

"आणि थरथर खरी असेल तर?"

तिने कपातून वर बघितलं. तो कपातच बघत होता.

"मग ती पुन्हा येते," ती म्हणाली. "खरी असेल तर येतेच."

मग त्याने आणखी एक प्रश्न काढला. एका बाटलीचा फोटो अजून कॅमेऱ्याच्या पोटात आहे, आणि तेवढ्यात दुसरी बाटली आली, तर? तिने सांगितलं, तर कॅमेरा तिच्याकडे लक्षच देत नाही. दुसरीने कितीही इशारे करू देत.

"अच्छा," तो म्हणाला. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मग तुमचा कॅमेरा सध्या... म्हणजे आधीच्या कुठल्या बाटलीत... गुंतलेला वगैरे..."

"कॅमेरा रिकामा आहे," ती म्हणाली. "इशाऱ्याची वाट बघतोय."

आता दुसरा कोणी असता तर तिथेच बोलून मोकळा झाला असता. पण हा सबूर. त्याचे कान लाल झाले, तो "जरा... त्या मोटरकडे बघून येतो" म्हणाला आणि चांगल्या चालणाऱ्या मोटरकडे निघून गेला. पट्ट्याच्या टोकाला पॅकिंगच्या टेबलावर त्याची आत्या बसायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. तिने हा सगळा प्रकार बाटल्यांची लेबलं तपासता तपासता बघितला आणि कपाळाला हात लावला.

गुरुवारी दोनशे अठरा.

आता मात्र फोटोवालीला झोंबलं. शुक्रवारी सकाळी असंच झालं तर मॅनेजरांसमोर पहिल्या मिनिटाला चांगल्या बाटल्यांचा खच पडणार. दुपारभर तिने आकडे मांडले. दिवसभर झाकण जागचं हलत नव्हतं. जे काही होत होतं ते संध्याकाळी लाइन बंद झाल्यापासून सकाळी सुरू होईपर्यंत. मशीन झोपल्यावर कोण येतं? तिने आजवर फेकलेल्या बाटल्यांचेच फोटो धुंडाळले होते. कॅमेरा मात्र कधीच बंद नसे, आणि बाटलीशिवाय इशारा मिळाला तर तो फोटो 'बाटली नाही' नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाके. तिथे कोणी बघत नाही. तिने बघितलं.

मंगळवारचे पाच, बुधवारचे सहा, गुरुवारचे सहा. सगळे सकाळी साडेसातच्या सुमाराचे, लाइन सुरू व्हायच्या अर्धा तास आधीचे. रिकामा पट्टा, आणि कोपऱ्यात एक निळी बाही. मनगटावर पांढरं बटण. लाल दोरा.

ती खुर्चीत मागे टेकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस ती केबलचे दोष काढत होती, आणि ते बटण रोज समोर बसून चहा पीत होतं.

ती आत्याकडे गेली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, सबूर सकाळी किती वाजता येतो? आत्याने लेबलावरून नजर न काढता सांगितलं, की आठ वर्षांत कधी वेळेच्या आधी आला नाही, पण या मंगळवारपासून साडेसातला हजर. घरून मऊ सुती फडकं घेऊन निघतो, ते रात्री स्वतः धुतो. "मी विचारलं कशाला, तर म्हणे धूळ फार," आत्या म्हणाली. मग तिने चष्म्यावरून बघितलं. "पोरी, तो बोलायला वेळ लावतो. पण तू उद्या जाणार ना? बैल गेला नि झोपा केला असं नको व्हायला."

शुक्रवारी ती सव्वासातला येऊन खांबाआड उभी राहिली. हॉल रिकामा होता, उंच खिडक्यांतून कोवळं ऊन पट्ट्यावर पडलं होतं. सबूर आला. बाही सारखी केली, सेन्सरच्या काचेवर हलकी फुंकर घातली आणि फडक्याने पुसायला लागला. इतक्या हळुवारपणे, इतक्या मन लावून, की तिचा रागवायचा बेत तिथेच अर्धा ढासळला. फडकं काचेवरून फिरलं की दहा सेंटिमीटरवर लाल उजेड चमकत होता. आणि त्याच्या अंगठ्याखाली सेन्सर धरून ठेवणारं ब्रॅकेट खाचेतून अगदी जरासं, केसभर, सरकत होतं.

"हसा जरा," ती म्हणाली. "फोटो निघतोय."

तो दचकला. तिने सगळं सांगितलं. डोळा तीन मिलिमीटर मागे गेला की बाटली सहा मिलिसेकंद आधी दिसते, मग फोटोही आधी निघतो. त्याचा चेहरा पडत गेला. तो शेजारच्या खोक्यावर बसला.

"म्हणजे रोज सकाळी... मीच?"

"रोज सकाळी तुम्हीच."

"मला वाटलं, तुमचं काम सोपं होईल."

आजवर तिच्या कामासाठी कोणी फडकं धुतलं नव्हतं. पण ब्रॅकेट असं सरकतंच कसं? तिने स्क्रूवर नख टेकवलं आणि फिरवलं. स्क्रू फिरला. सोमवारी पट्ट्याखाली हाताने पिळला होता, किल्लीने आवळायचा होता, आणि तेवढ्यात हाताला बूट लागला होता.

"हात तुमचा लागला," ती हळू म्हणाली, "पण सरकण्यासारखं ठेवलं मी. आणि आवळायला ती किल्लीही हरवली."

सबूरने खिशात हात घातला आणि ॲलन की बाहेर काढली.

"सोमवारी संध्याकाळीच सापडली होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "लगेच द्यायला हवी होती. पण म्हटलं, उद्या देऊ. दिली असती तर... मग यायला निमित्त काय उरलं असतं?"

"पाच वेळा तेल?"

"ते मलाही जरा जास्त वाटत होतं."

ती हसली, आणि हसता हसता तिने पट्टी लावून ब्रॅकेट बरोबर दहा सेंटिमीटरवर आणलं. या वेळी स्क्रू असा आवळला की किल्ली बोटात रुतली. मिलिसेकंद पुन्हा दोनशे.

दहा वाजता मॅनेजर आले, हातात चार दिवसांच्या नोंदी. त्यांनी सुरुवातच तिथून केली. रोज सकाळी चांगल्या बाटल्या का गेल्या, कारण सांगा, मग चाचणी.

"साहेब, माझ्यामुळे," सबूर पुढे झाला. एरवी एका वाक्याला तीन थांबे घेणारा माणूस एका दमात बोलला. "मी न विचारता सेन्सरला हात लावला. यांची मशीन ठीक आहे."

मॅनेजरांच्या भुवया चढल्या. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला परवानगीशिवाय हात लावणं म्हणजे लेखी मेमो, हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोवालीला फक्त गप्प राहायचं होतं. तिची मशीन निर्दोष ठरत होती, तिचा कागद कोरा राहत होता. पॅकिंगच्या टेबलावर आत्याचे हात थांबले.

"त्यांनी फक्त धूळ पुसली," ती म्हणाली. "ती पुसा असं मीच सांगितलं होतं. स्क्रू ढिला राहिला तो माझा. आवळलेला असता तर रोज पुसूनही हलला नसता."

"तुमची पहिलीच मशीन ना ही?" मॅनेजर म्हणाले. "हे मला तुमच्या साहेबांना कळवावं लागेल."

"कळवा. मीही लिहिणार आहे."

"आणि स्क्रू ढिला राहिला कसा?"

"लक्ष दुसरीकडे होतं."

"कुठे?"

मागे आत्याला खोकला आला. खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात तसा तो शोभलाही. फोटोवाली शांतपणे म्हणाली, "ते अहवालात येणार नाही. लाइन सुरू करूया?"

दोन तास. एकवीस हजार सहाशे बाटल्या. मॅनेजरांनी मुद्दाम घातलेली चाळीस वाकडी झाकणं, चाळीसच्या चाळीस खोक्यात. चांगल्या बाटल्या चुकून फक्त चार गेल्या, चालणार होत्या पंधरा. मॅनेजरांनी आणखी चुका शोधल्या, सापडल्या नाहीत, सही केली. मेमोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मग तिने स्वतःच साहेबांना फोन लावला आणि स्क्रूचं सगळं सांगितलं. पुन्हा राहील का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मग पुढची मशीनही तूच लाव, ते म्हणाले, पण शिक्षा म्हणून वर्षभर दर महिन्याला तिथे जाऊन तो स्क्रू स्वतः तपासून यायचा.

तिने ती शिक्षा अत्यंत गंभीर आवाजात मान्य केली.

जेवणाच्या सुट्टीत पट्टा थांबला. हॉलमधली किणकिण बंद झाली की तिथे फार शांत वाटायचं. ती बॅग भरत होती. सबूर आला, दोन पावलांवर थांबला.

"जरा..."

"सबूर म्हणालास तर बघ," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"नाही म्हणत." त्याने श्वास घेतला. "मला तू आवडतेस. सोमवारपासून. पट्ट्याखालून बाहेर आलीस तेव्हापासून."

"चार दिवस उशीर केलास. तेवढ्यात किती बाटल्या निघून जातात, माहीत आहे?"

"पण तू गेली नाहीस."

"स्क्रू ढिला होता ना." ती जवळ आली. त्याच्या मनगटावरचं पांढरं बटण तिने दोन बोटांत धरलं. "तो का राहिला, ते मॅनेजरना नाही सांगितलं. तुला सांगते. मी हे बटण बघत होते. आणि मलाही तू आवडतोस. हे मात्र बटणाशिवायही."

त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी तो मोटर बघायला गेला नाही.

"ॲलन की तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली. "दर महिन्याला येईन, तेव्हा लागेल. आणि माझ्याकडे तुझे तेवीस फोटो आहेत. आजचे सहा धरून. एकातही तोंड नाही."

"माझ्याकडे तुझा एकही नाही."

"मग?"

त्याने तिचा हात धरला आणि कॅमेऱ्याखाली, थांबलेल्या पट्ट्यावर ठेवला. दुसरा हात त्याने सेन्सरसमोरून झर्रकन फिरवला. दोनशे मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सबूरसारख्या माणसाने तो हात आणून तिच्या हातावर ठेवला, आणि लाल उजेड चमकला.

पॅकिंगच्या टेबलावर आत्याने पट्टा बंद असताना चमकलेला तो उजेड बघितला, आणि निमूटपणे डबा उघडून जेवायला लागली.

ते दोघं स्क्रीनसमोर वाकले. फोटो अगदी मधोमध आला होता, कड कुठेही कापलेली नव्हती. ग्रीसचे डाग असलेले दोन हात, एक पांढरं बटण, लाल दोरा. खाली मशीनने नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, बाटली नाही.